दाढ भरायची की कॅप बसवायची? उरलेल्या भिंती बघून ठरवा

दाढ किडली, खड्डा पडला, आणि डॉक्टर म्हणाले, "भरून चालेल, पण कॅप बसवली तर बरं." आ वासून बसलेल्या माणसाला त्या क्षणी एवढंच कळतं की एकाला पैसे कमी लागतात आणि दुसऱ्याला जास्त. मग खिशाकडे बघून निर्णय होतो आणि तो दोन्हीकडून चुकू शकतो. जिथं कॅप हवी होती तिथं नुसतं सिमेंट भरून घेतलं, तर एखाद्या दिवशी वरणातला खडा दाढेखाली येतो आणि दाढ उभी चिरते. जिथं भरून भागलं असतं तिथं कॅप केली, तर धडधाकट दाढ चारही बाजूंनी कोरली जाते. कोरलेला दात पुन्हा वाढत नाही.

माळवदाच्या घरात राहिलेल्यांना हा फरक लवकर समजेल. भिंती धड असतील तर गळती लागल्यावर पांढरी माती टाकून भागतं. भिंतच फुगली असेल तर वरून कितीही माती टाका, घर टिकत नाही. दाढेत भरलेलं सिमेंट भिंतींच्या आधारानं उभं असतं. कॅप मात्र त्या भिंतींना बाहेरून आवळून धरते. म्हणून खड्डा केवढा आहे यापेक्षा कीड काढल्यावर भिंती किती उरल्या, हे आधी विचारायचं.

पायरी १: दवाखान्यात जाण्याआधी दुखणं ओळखा

गार पाण्यानं किंवा गोडानं सणका येतो आणि घोट गिळला की दोन-चार सेकंदांत जातो, तर दाढेची नस बहुधा अजून सावरण्याजोगी आहे. भरून भागण्याची आशा इथं सगळ्यात जास्त.

गारानं आलेली कळ अर्धा मिनिट किंवा जास्त रेंगाळते, गरम चहानं ठणका लागतो, रात्री आडवं झालं की दुखणं वाढतं, काही न खाताही दाढ दुखते. ही नस आतून सुजलेली असते आणि ती बहुधा परत सावरत नाही. इथं आधी रूट कॅनाल, म्हणजे आतली खराब नस काढून मुळातली पोकळी भरणं, आणि भरायची की कॅप हा प्रश्न त्यानंतरचा.

चावताना, विशेषतः चावून दाब सोडताना एकदम चमक निघते, तर दाढेला चीर गेल्याची शंका घ्या.

महिना-दोन महिने ठणकणारी दाढ अचानक शांत झाली, तर ती बरी झाली असं समजून घरी बसू नका. नस मेली की दुखणं थांबतं, पण आत पू साठतच राहतो. हिरडीवर बारीक पुटकुळी येऊन फुटत असेल, तर हेच चाललेलं असतं.

रक्तदाब, शुगर, रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या, औषधाची ॲलर्जी, गरोदरपण, यातलं काही असेल तर विचारण्याची वाट न बघता स्वतःहून सांगा. रक्त पातळ करणारी गोळी मनानं बंद करून जाऊ नका. दुखण्यावर म्हणून दाढेत तंबाखू किंवा मिश्री दाबून ठेवू नका, आणि दुखण्याची गोळी हिरडीवर धरू नका, तिथली कातडी भाजते. गोळी गिळायची असते. लवंगेचं तेल कापसाच्या बारीक बोळ्यावर एखादा थेंब घेऊन खड्ड्यात ठेवलं तर थोडा आराम पडतो, पण त्यानं कीड थांबत नाही.

पायरी २: एक्स-रे बघा आणि तीन गोष्टी विचारा

एका दाढेचा छोटा एक्स-रे काढल्याशिवाय भरायची की कॅप हे ठरवू देऊ नका. हल्ली तो लगेच कॉम्प्युटरवर दिसतो. पडद्यावर बोट ठेवून दाखवायला सांगा: कीड नसेपासून किती लांब आहे? मुळाच्या टोकाशी काळी सावली आहे का? मुळाभोवतीचं हाड शाबूत आहे का? हाड खूप गेलं असेल आणि दाढ हलत असेल, तर तिच्यावर कॅपचे पैसे घालण्याआधी दहादा विचार करावा.

एक्स-रेत दिसते त्यापेक्षा आतली कीड बहुधा जास्त असते. म्हणून चांगला डॉक्टर पहिल्याच भेटीत छातीठोक सांगत नाही, "उघडल्यावर कळेल" म्हणतो. हे टाळाटाळीचं उत्तर नव्हे. जुनं सिमेंट आणि कीड पूर्ण काढून झाल्यावर मोबाईलनं दाढेचा फोटो काढून मागा. खरा निर्णय तो फोटो बघून होतो.

पायरी ३: भिंती मोजा

दाढेला चार भिंती समजा: गालाकडची, जिभेकडची, पुढच्या दाताला लागून असलेली आणि मागच्या दाताला लागून असलेली. गालाकडच्या आणि जिभेकडच्या भिंतींच्या माथ्यावर उंचवटे असतात, त्यांना टोकं म्हणू. चावण्याचा भार मुख्यतः त्यांच्यावर येतो.

खड्डा फक्त वरच्या पृष्ठभागावर आहे आणि चारही भिंती जागेवर आहेत, तर भरा. इथं कॅप सुचवली गेली तर कारण विचारा आणि कारण पटलं नाही तर दुसऱ्या डॉक्टरांना दाखवा.

पुढची किंवा मागची एकच भिंत गेली आहे, बाकीच्या तीन जाड आहेत, तरीही बहुतेक वेळा भरून भागतं.

पुढची आणि मागची दोन्ही गेल्या आणि मधून आरपार नाला पडला, की खरा विचार सुरू होतो. आता नाल्याची रुंदी बघा. गालाकडच्या टोकापासून जिभेकडच्या टोकापर्यंतच्या अंतराच्या तिसऱ्या हिश्शाहून नाला अरुंद असेल, तर भरता येतं. निम्म्याहून रुंद असेल, तर टोकं झाकणारं काहीतरी हवं. दोन्ही बाजूच्या भिंती आता आधाराशिवाय उभ्या आहेत, आणि मध्ये भरलेलं सिमेंट चावताना पाचरीसारखं त्यांना बाहेर ढकलतं.

उरलेल्या भिंतीची बुंध्याशी जाडी किती, हेही विचारा. जिवंत दाढेत साधारण २ मिलिमीटरच्या आत आणि रूट कॅनाल झालेल्या दाढेत ३ मिलिमीटरच्या आत जाडी असेल, तर त्या भिंतीवर भरवसा ठेवता येत नाही. २ मिलिमीटर म्हणजे ज्वारीच्या दाण्याच्या निम्म्याएवढं. डॉक्टरांकडे जाडी मोजायचं छोटं कॅलिपर असतं, त्यामुळे ही मागणी अवघड नाही.

शेवटचं माप हिरडीजवळचं. कॅप बसवायची तर हिरडीच्या वर दाताची निरोगी कड गोल फिरून साधारण २ मिलिमीटर तरी उरायला हवी. बैलगाडीच्या लाकडी चाकाला लोखंडी धाव जशी बाहेरून आवळून बसते, तशी कॅप या कडेला आवळते. ही कडच नसेल तर कॅप फक्त आत भरलेल्या सिमेंटवर बसते आणि चावता चावता सिमेंटसकट बाहेर येते. कीड हिरडीखाली गेली असेल तर हिरडी आणि थोडं हाड खाली घेऊन कड मोकळी करता येते. तेही शक्य नसेल तर दाढ काढण्याचा विचार प्रामाणिकपणे मांडला जायला हवा.

मापं तीच असली तरी माणूस बदलला की उत्तर बदलतं. सुपारी रोज दाढेखाली फोडणारा, ऊस दातांनीच सोलून खाणारा, झोपेत करकर दात खाणारा, अशा माणसाच्या दाढेवर भार कितीतरी जास्त येतो. त्याच्या बाबतीत मधल्या मापाची दाढ कॅपकडे झुकते. सुपारीला अडकित्ता आहे, दाढेला ते काम देऊ नका.

सगळं बघूनही पारडं अगदी समसमान राहिलं आणि दाढ जिवंत असली, तर आमचं मत भरण्याच्या बाजूचं आहे. भरलेल्या दाढेवर उद्या कॅप करता येते. कॅपसाठी कोरलेली दाढ पुन्हा भरण्यापुरती करता येत नाही.

भरणं आणि पूर्ण कॅप यांच्या मधली एक सोय आहे, तिची चौकशी जरूर करा. तिला ऑनले म्हणतात. ती फक्त कमकुवत टोकांना झाकते आणि बाजूच्या धड भिंतींना हात लावत नाही. प्रयोगशाळेत करून चिकटवायची असल्यानं ती स्वस्त नाही आणि सगळीकडे होतही नाही, पण दोन-तीन धड भिंती वाचत असतील तर चौकशी करण्यासारखी आहे.

रूट कॅनाल झालेली दाढ

रूट कॅनालनंतर दाढ सुकते आणि ठिसूळ होते, असं सांगतात. खरं कारण साधं आहे. आधी किडीनं दाढ खाल्ली, मग आत जायला वरचं छत कापलं, आता उरलं ते कवच. म्हणून रूट कॅनाल झालेल्या दाढेला आणि उपदाढेला (सुळा आणि मोठ्या दाढा यांच्यामधल्या दाताला) टोकं झाकणारी कॅप किंवा ऑनले हाच सर्वसाधारण नियम. अपवाद थोडे: छतावरचं छोटं छिद्र सोडून चारही भिंती जाड आहेत आणि चावण्याचा भार बेताचा आहे, तर पक्कं सिमेंट भरून थांबता येतं.

पुढच्या पटाशीच्या दातांचं गणित वेगळं आहे. त्यांच्या मागच्या बाजूनं छोटं छिद्र पाडून रूट कॅनाल झालं असेल आणि दात बाकी शाबूत असेल, तर ते छिद्र भरून पुरतं. दात काळवंडला म्हणून लगेच कॅप करू नका, आतून उजळण्याचा उपाय आधी विचारा.

उलटा गैरसमजही आहे. कॅप बसवायची म्हणजे आधी रूट कॅनाल केलंच पाहिजे, असं नाही. नस निरोगी असेल तर जिवंत दाढेवर कॅप बसते. मात्र कोरण्याच्या धक्क्यानं अशा काही दाढांची नस पुढे मरते आणि मग कॅपमधून छिद्र पाडून रूट कॅनाल करावं लागतं. जिवंत दाढेवर कॅप करताना हात आखडता घ्यायचं हेच कारण.

इथं होणारी सगळ्यात महाग चूक म्हणजे रूट कॅनाल करून ठणका थांबला की दवाखान्याकडे पाठ फिरवणं. वर भरलेलं असतं ते तात्पुरतं, पांढरं, मऊ सिमेंट. ते थोड्या आठवड्यांत झिजतं, लाळ आत झिरपते, आणि आतलं केलेलं काम वाया जातं. मधल्या काळात भाकरीचा कडक पापुद्रा किंवा भाजलेला हरभरा दाढेखाली आला आणि भिंत मुळापर्यंत चिरली, तर दाढ काढण्यावाचून उपाय राहत नाही. तात्पुरतं काढून पक्कं सिमेंट शक्य तितक्या लवकर आणि कॅप दोन ते चार आठवड्यांत, एवढं धरून चाला.

ऊसतोडीला किंवा लांब गावी निघण्याआधी

बीड, जालना, परभणी, धाराशिवकडची बरीच कुटुंबं दसरा-दिवाळीनंतर ऊसतोडीला जातात आणि पाच-सहा महिने परत येत नाहीत. दाढेचं काम अर्ध्यावर टाकून टोळीबरोबर निघालं तर फडावर कुणी दातांचा डॉक्टर भेटत नाही. म्हणून पोळा-गणपतीच्या सुमाराला दाढ दाखवा. पूर्ण कामाला साधारण असा वेळ धरा: रूट कॅनालच्या एक ते तीन भेटी, पक्कं सिमेंट, कॅपचं माप, आणि प्रयोगशाळेतून कॅप यायला आठवडाभर.

वेळ उरलाच नसेल तर डॉक्टरांना निघायची तारीख स्पष्ट सांगा. दोन गोष्टी करून घेता येतात: तात्पुरत्याऐवजी पक्कं सिमेंट, आणि त्या दाढेची टोकं थोडी कमी करणं, म्हणजे चावताना भार शेजारच्या दाढांवर जातो. मग परत येईपर्यंत कडक पदार्थ दुसऱ्या बाजूनं खा. ही सोय तात्पुरती आहे, आल्यावर कॅप करायचीच.

खेड्यातून तालुक्याला किंवा जिल्ह्याला येणाऱ्यांनी बाजाराच्या दिवशीची वेळ मागून घेतली की एक फेरी वाचते. उपाशीपोटी येऊ नका. शुगरच्या रुग्णांनी नेहमीची गोळी आणि नाश्ता करूनच यावं.

भरायचं ठरलं तर

हल्ली सगळ्यात जास्त वापरतात ते दाताच्या रंगाचं कॉम्पोझिट. निळ्या प्रकाशानं ते कडक होतं. दुसरं ग्लास आयोनोमर. ते दाताला आपणहून चिकटतं आणि थोडं फ्लोराइड सोडतं, पण चावण्याच्या भाराला कमी पडतं. हिरडीलगतच्या खड्ड्यांना, मुळावरच्या किडीला आणि मुलांच्या दातांना ते बरं. तिसरी जुनी चांदी, म्हणजे अमाल्गम. तिच्यात जवळपास निम्मा पारा असतो, म्हणून जगभर तिचा वापर कमी होत चालला आहे आणि युरोपीय महासंघानं १ जानेवारी २०२५ पासून ती जवळपास बंद केली. पण तोंडातली जुनी चांदी घट्ट असेल, कडेला कीड नसेल, तर ती उकरून काढू नका. काढताना धड दातही जातो.

कॉम्पोझिटचं काम असं चालतं. सुन्न करायचं इंजेक्शन, कीड काढणं, मग ३७ टक्के फॉस्फोरिक ॲसिडचं जेल साधारण १५ सेकंद लावून धुणं, बाँडिंगचा, म्हणजे सिमेंट दाताला चिकटवणाऱ्या द्रवाचा पातळ थर, त्यावर प्रकाश. मग सिमेंट २ मिलिमीटरच्या आत-बाहेरच्या थरांनी भरत जायचं आणि प्रत्येक थराला बहुधा २० सेकंदांचा प्रकाश. एकदम गोळा भरून एकदाच प्रकाश दिला तर तळाचा भाग कच्चा राहतो. सिमेंट कडक होताना किंचित आकसतं, म्हणूनही थर लागतात. नेहमीच्या कॉम्पोझिटचा हा नियम आहे. जाड थराचं वेगळं कॉम्पोझिट मिळतं, त्याला ४ मिलिमीटरपर्यंत चालतं.

बिघडतं कुठं? पहिला शत्रू ओलावा. बाँडिंग लावताना लाळ किंवा हिरडीचं रक्त लागलं की चिकटण्याची ताकद जाते आणि काही महिन्यांत कडेनं काळी रेघ दिसते. दाताभोवती रबराचा पडदा लावला तर उत्तम, नाहीतर कापसाचे बोळे वेळेवर बदलणं आणि लाळ ओढणारी नळी चालू असणं एवढं तरी हवंच. काम चालू असताना तोंड मिटू नका, अडचण आली तर हात वर करा.

दुसरा बिघाड शेजारच्या दाताशी सैल राहिलेल्या सांध्याचा. बाजूची भिंत भरताना पातळ धातूची पट्टी आणि पाचर लावावी लागते. ती नीट लावली नाही तर फट राहते, दर जेवणाला मेथीची काडी किंवा मटणाचा धागा तिथं अडकतो आणि हिरडी सुजते. काम झाल्यावर फ्लॉसचा दोरा दोन दातांमधून घालून दाखवायला सांगा. आत जाताना आणि बाहेर येताना टक् असा अडथळा जाणवला पाहिजे. सरळ घसरत गेला तर फट आहे. अडकून तंतू तुटले तर कड खरखरीत आहे.

तिसरा बिघाड उंच राहिलेल्या सिमेंटचा. निळा किंवा लाल कागद चावायला देतात तो याच्यासाठी. सुन्नपणात चावा नीट कळत नाही, म्हणून सुन्नपणा उतरल्यावर, म्हणजे दोन-तीन तासांनी, ती दाढ इतरांच्या आधी टेकत असेल तर दुसऱ्या दिवशी जाऊन घासून घ्या. "सवय होईल" म्हणून काढलेले दिवस दाढेला महागात पडतात. गारानं थोडं शिवशिवणं एक-दोन आठवडे राहू शकतं. ते दिवसेंदिवस कमी व्हायला हवं. वाढत गेलं किंवा रात्रीचा ठणका सुरू झाला तर परत दाखवा.

कॅप ठरली तर

कॅप कशाची यावर कोरणं किती ते ठरतं. पूर्ण धातूची कॅप सगळ्यात पातळ, त्यामुळे बाजू कमी कोराव्या लागतात. दिसायला चंदेरी, पण मागच्या दाढेला आणि तोकड्या दाढेला अजूनही फार चांगली. स्वस्त म्हणून तिला हलकी समजू नका. धातूवर सिरॅमिक चढवलेल्या कॅपला जागा जास्त लागते, चावण्याच्या बाजूनं २ मिलिमीटरच्या आसपास. तिचा सिरॅमिकचा टवका उडू शकतो आणि हिरडी खाली गेली की कडेला काळी रेघ दिसते. झिरकोनिया पूर्ण पांढरी आणि मजबूत, वरून १ ते १.५ मिलिमीटर जागा पुरते, म्हणून दाढांसाठी हल्ली तीच जास्त सुचवतात. मात्र ती तुकतुकीत घासलेली नसेल तर समोरच्या दाताला झिजवते. नकली दागिना घातला की अंगावर पुरळ येतं, अशांनी निकेलची ॲलर्जी असू शकते हे आधी सांगावं, कारण स्वस्त धातूच्या कॅपमध्ये बहुधा निकेल असतं.

पहिल्या भेटीत गाभा, म्हणजे कॅपखालचं आधाराचं सिमेंट, भरून दाढ कोरतात, हिरडी बाजूला सारायला बारीक दोरा घालतात आणि रबराच्या मसाल्यानं किंवा कॅमेऱ्यानं माप घेतात. माप घेताना कड स्पष्ट उमटली नाही तर कॅप कधीच नीट बसत नाही. मापात बुडबुडा किंवा फाटलेली कड दिसली म्हणून डॉक्टर दुसऱ्यांदा माप घेऊ लागले तर कंटाळू नका. रंग दाखवताना पट्टी दिवसाच्या उजेडात, खिडकीजवळ धरून बघा.

जिवंत दाढ असेल तर तात्पुरती कॅप मागून घ्या. तिच्यावाचून दाढ गार-गरमानं सळसळते, आणि शेजारचे दात मोकळ्या जागेत सरकले तर नवी कॅप बसत नाही. तात्पुरत्या कॅपच्या बाजूनं चिकट खाऊ नका, चिक्की आणि तिळगूळ तर नकोच. फ्लॉस वर न ओढता बाजूनं काढा.

दुसऱ्या भेटीत पक्कं चिकटवण्याआधी कॅप नुसती बसवून बघतात. चार गोष्टी तपासून घ्या. कडेवर टोकदार सळई फिरवली तर ती न अडकता सरकते का? शेजारी फ्लॉसला टक् असा अडथळा आहे का? कागदाच्या खुणा इतर दाढांसारख्याच आहेत का? आरशात रंग आणि आकार पटतो का? एकदा सिमेंट लागलं की नंतरच्या तक्रारीला कॅप कापूनच काढावी लागते, त्यामुळे इथं भीड धरू नका. चिकटवल्यावर हिरडीत उरलेलं सिमेंट पूर्ण निघालं पाहिजे. राहिलं तर हिरडी सतत लाल राहते.

कॅप किडत नाही, पण तिच्या कडेखालचा दात किडतो. मधुमेहानं किंवा मिश्रीनं हिरडी खाली गेलेल्यांत मूळ उघडं पडतं आणि तिथं कीड लवकर लागते. रोज रात्री फ्लोराइडच्या पेस्टनं ब्रश आणि कॅपच्या दोन्ही बाजूंनी फ्लॉस, हे कॅपचंच उरलेलं काम समजा. अडकलेलं काढायला टाचणी, सेफ्टी पिन किंवा आगकाडी वापरू नका.

चीर गेलेली दाढ

चीर एक्स-रेत सहसा दिसत नाही. डॉक्टर एकेका टोकावर लाकडी काडी किंवा प्लास्टिकचा तुकडा चावायला देतात. सोडताना कळ आली की जागा सापडते. नुसतं सिमेंट भरून चीर सांधत नाही, दोन्ही अर्ध्या भागांना बाहेरून आवळायला कॅप लागते. चीर तळापर्यंत किंवा मुळात गेली असेल तर दाढ वाचत नाही, हे कॅपचे पैसे भरण्याआधी स्पष्ट विचारून घ्या.

कोपरा उडालेल्या दाढेची धार जिभेला किंवा गालाला घासत असेल तर भरणं पुढे ढकललं तरी धार आधी घासून घ्या. तंबाखू, गुटखा, मिश्रीची सवय असेल तर जास्तच. धार गेल्यावरही जखम दोन आठवड्यांत भरली नाही तर तपासणी करायलाच हवी.

मुलांच्या दाढा

दुधाची दाढ पडणारच आहे म्हणून सोडून देऊ नका. दुधाच्या दाढा साधारण १० ते १२ वर्षांपर्यंत राहतात आणि खालच्या पक्क्या दाताची जागा धरून ठेवतात. बाजूची भिंत किडलेली किंवा रूट कॅनालसारखं काम झालेली दुधाची दाढ असेल तर तयार मिळणारी स्टीलची कॅप भरण्यापेक्षा जास्त टिकते. ती बहुधा एकाच भेटीत बसते आणि दाढेबरोबरच पडते.

घोटाळा होतो सहाव्या वर्षी. त्या सुमाराला दुधाच्या शेवटच्या दाढेमागं एक मोठी दाढ येते. तिच्या आधी कुठलाही दात पडत नाही, म्हणून घरचे तिलाही दुधाची समजतात आणि किडली तरी दुर्लक्ष करतात. ती पक्की दाढ आहे, आयुष्यभराची. तिच्या वरच्या खाचा खोल असतील तर किडण्याआधीच सीलंटनं बुजवून घ्या.

फ्लोराइडनं डागाळलेले दात

मराठवाड्यात काही भागांत, किनवटसारख्या तालुक्यातल्या गावांत, बोअरच्या पाण्यात फ्लोराइड जास्त आहे. भारतीय मानकानुसार पिण्याच्या पाण्यात ते लिटरला १ मिलिग्रॅमपर्यंत असावं, दुसरा स्रोत नसेल तर १.५ पर्यंत. लहानपणी दात घडत असताना त्याहून जास्त फ्लोराइड पोटात गेलं की दातांवर पांढरे-तपकिरी पट्टे येतात आणि तीव्र असेल तर वरचं कवच खरवडल्यासारखं दिसतं. अशा कवचावर ॲसिडचं जेल कमी काम करतं, म्हणून भरताना ते जास्त वेळ ठेवावं लागतं किंवा वरचा थर हलका घासावा लागतो. लहानपण अशा गावात गेलं असेल तर डॉक्टरांना सांगा. नुसते डाग आहेत आणि दात मजबूत आहे, तर कॅप करू नका. घासून उजळणं किंवा वरून कॉम्पोझिटचा पातळ थर आधी करून बघण्यासारखा आहे.

पैसे भरण्याआधी

कॅपचा आकडा ऐकलात की त्यात काय काय धरलंय ते विचारा: गाभ्याचं सिमेंट, तात्पुरती कॅप, एक्स-रे, पुन्हा चिकटवणं. धातू कोणता, झिरकोनिया कुठली, आणि कॅपबरोबर वॉरंटी कार्ड येतं का, हे बिलावर लिहून घ्या. वॉरंटी कॅपची असते, खालच्या दाढेची नाही.

परवडत नसेल तर छत्रपती संभाजीनगरला घाटी रुग्णालयाजवळचं शासकीय दंत महाविद्यालय आहे. खाजगी दंत महाविद्यालयं लातूर आणि नांदेडकडेही आहेत. तिथं शिकणारे विद्यार्थी शिक्षकांच्या देखरेखीखाली काम करतात. फी कमी, पण भेटी जास्त आणि प्रत्येक भेटीला वेळ मोठा. लांबून येणाऱ्यांनी एसटीच्या फेऱ्या आणि बुडणारी मजुरी हिशोबात धरूनच ठरवावं.

कॅप निघाली तर

कॅप जेवताना हातात आली तर फेकू नका. पाण्यानं धुऊन छोट्या डबीत ठेवा आणि दोन-चार दिवसांत डॉक्टरांकडे जा. झटपट चिकटणारा गोंद लावून घरी बसवू नका, तो हिरडीला भाजतो आणि कॅप वाकडी बसली की पुन्हा उपयोगाची राहत नाही. डॉक्टरांना कॅपच्या आत काय आहे ते बघायला सांगा. आत फक्त सिमेंट असेल आणि दाढ धड असेल तर स्वच्छ करून पुन्हा चिकटते. आत दाढेचाच तुकडा तुटून आला असेल किंवा तपकिरी, मऊ कीड असेल, तर जुनी कॅप तशीच चिकटवून घेऊ नका. आधी कीड काढायची, कड किती उरली ते पुन्हा मोजायचं आणि मग नवीन माप.